कॉलेजच्या अभ्यासाचं ध्येय ठरवायचं कसं, आणि आठवडा मोडला की परत बसायचं कसं

एफ.वाय.ला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी पाच रंगांच्या स्केचपेनने एक टाइमटेबल केलं होतं. आखीव चौकटी, जेवणाला नेमका अर्धा तास आणि वर लाल अक्षरांत ‘रोज 6 तास’. कोपरखैरण्याच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये ते फ्रिजच्या दारावर चिकटवलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. दहाव्या दिवशी मावशीकडचा गणपती आला, मग पाहुणे आले. त्या टाइमटेबलच्या कोपऱ्यात आईने दुधाचा हिशेब लिहायला सुरुवात केली आणि सेम 1 ला, म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला, मला मॅथ्समध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला.

पुढच्या पाच सेममध्ये केटी निघाली, बी.कॉम. पूर्ण झालं, शेवटच्या वर्षी मार्कही बरे पडले. मी टॉपर वगैरे नाही. पण ठाण्यात कॉलेज, नवी मुंबईत घर आणि घरात सहा माणसं असताना अभ्यासाचं काय ठरवता येतं आणि काय नाही, हे मला चुका करून कळलं. यंदा पहिल्या वर्षाला आला असाल तर त्यातल्या निम्म्या तरी चुका तुमच्या वाचाव्यात म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एवढं जमवून ठेवा:

– तुमच्याच वर्षाच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ, विद्यापीठाच्या वेबसाइटवरून. सीनियरच्या नोट्स घ्या, पण आधी या पीडीएफशी ताडून बघा. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडचे जुने गठ्ठे निम्मे गैरलागू झाले आहेत.
– उपलब्ध असतील तेवढ्या जुन्या प्रश्नपत्रिका.
– कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर आणि लेक्चरचं वेळापत्रक.
– भिंतीवरचं कालनिर्णय. घरचं नको, स्वतःचं वेगळं.
– एक शंभर पानी वही. अ‍ॅप नको. अ‍ॅप उघडायला फोन हातात घेतला की पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

1. पहिला आठवडा नुसता मोजा

सात दिवस काहीच ठरवू नका. दिवसभर जे होतं ते वेळेसकट वहीत लिहा, खोटं न लिहिता. माझ्या एका मंगळवारची नोंद अशी आहे: 5:20 ला उठले. सहा-सव्वासहाची ठाणे लोकल. 10 नंबर प्लॅटफॉर्मवर उतरून पूल ओलांडून पश्चिमेला. 7:10 ला पहिलं लेक्चर. 11:40 ला सुटलो, कॅन्टीन, 12:50 ला घरी. जेवण. ‘अर्धा तास पडते’ म्हणून पडले ती 3:15 ला उठले. 3:15 ते 4 अकाउंट्स, त्यात 12 मिनिटं फोन. मग बाबा बाजारातून आले, चहा, पाणी भरणं, आत्याचा फोन. 7 ते 9 टीव्ही, म्हणजे मी बघत नव्हते पण ऐकत होतेच. 9:40 ते 10:30 फाउंडेशन कोर्सचं पुस्तक, डोळे मिटत.

बेरीज केली तर 1 तास 23 मिनिटं. आणि फ्रिजवर काय लिहिलेलं? रोज 6 तास!

आठवड्याची बेरीज 11 तासांच्या आसपास आली. आता दुसरा आकडा बघा. नव्या आराखड्यात साधारण 22 क्रेडिट्सची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं माप) सेम असते. थिअरीचं 1 क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क मात्र 1 क्रेडिटमागे एकूण 30 तासांचं शिकणं धरतं. म्हणजे जेवढं वर्गात, तेवढंच वर्गाबाहेर. सेम 15 आठवड्यांची धरली तर आठवड्याला वर्गाबाहेरचे 22 तास होतात. प्रवास करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या किंवा पार्टटाइम नोकरीवाल्या मुलांना ते रोजच्या रोज जमत नाहीत, हे मी स्पष्टच सांगते. मी जास्तीत जास्त 14 ला पोचले, तेही दुपारची झोप खरोखर अर्ध्या तासावर आणल्यावर. पण आपण 22 पैकी 11 वर उभे आहोत हे एकदा दिसलं की कोणत्या विषयाला वेळ द्यायचा आणि कोणाला नुसतं पास करायचं, हे ठरवायला बळ येतं.

2. विषयाचे तुकडे करा आणि अंदाज दीडपट करा

अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये प्रत्येक विषयाचे मॉड्यूल आणि त्यांचे तास दिलेले असतात. त्यावरून प्रत्येक मॉड्यूलच्या बैठका पाडा. माझी एक बैठक 45 मिनिटांची, कारण आमच्या घरात त्याहून जास्त वेळ कोणी हाक न मारता जात नाही. जुने पेपर शेजारी ठेवलेत तर कशावर सम (म्हणजे सोडवायचं गणित) येतो आणि कशावर नुसती चार मार्कांची टीप, तेही कळतं.

मग जो आकडा येईल त्याला दीडने गुणा. ‘अकाउंट्समधलं हायर परचेस दोन बैठकांत होईल’ असं वाटलं तर तीन लिहा. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो. कानेमान आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या खोडीवर लिहून ठेवलंय. मला मात्र ते इन्व्हेंटरी व्हॅल्युएशनने शिकवलं.

3. रात्री ‘झालं’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असंच ध्येय लिहा

‘अकाउंट्स पक्कं करायचं’, ‘फर्स्ट क्लास आणायचा’, ‘इंग्लिश सुधारायचं’. ही तिन्ही वाक्यं माझ्या एफ.वाय.च्या वहीत आहेत. ती वाईट नाहीत, पण रविवारी रात्री वही उघडल्यावर त्यांच्यापुढे टिक करायची की फुली, हे कळत नाही.

माझे बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. मी एकदा कुरकुरत होते की आठवडाभर अभ्यास केला तरी काही झाल्यासारखं वाटत नाही. बाबा जेवता जेवता म्हणाले, “आमचा मुकादम ‘आज लई काम झालं’ असं लिहितो का वहीत? गोणी लिहितो. किती उतरल्या, किती चढवल्या.” पुढे काही बोलले नाहीत, भाकरी मोडत राहिले.

तेव्हापासून मी गोणी लिहायला लागले. ‘हायर परचेसचे 3 सम्स, उत्तर न बघता.’ ‘इकॉनॉमिक्सचं डिमांडचं मॉड्यूल, पुस्तक मिटून एका पानावर.’ ‘डिपार्टमेंटल अकाउंट्सचा एक पूर्ण पेपर-सम, घड्याळ लावून.’ यातलं प्रत्येक एक तर झालं किंवा नाही झालं.

आठवड्याला अशी तीनच मोठी ध्येयं. तीन झाली आणि वेळ उरला तर चौथं घ्या, पण आधीपासून सात लिहू नका. सात लिहिली की चार राहतात, आणि रविवारी त्या चारांकडेच बघत बसतो आपण.

मार्कांचं ध्येय ठेवू नये का? ठेवा, वहीच्या शेवटच्या पानावर. मार्क पेपर काढणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्याही हातात असतात. सम्स तुमच्या हातात आहेत.

4. ‘वेळ मिळेल तेव्हा’ खोडा, तिथे ठरलेली खूण लिहा

पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये यावर बरंच लिहिलं. ‘अमुक करेन’ असं नुसतं ठरवण्यापेक्षा ‘अमुक घडलं की तमुक करेन’ अशी जोडी लावलेली माणसं ते काम जास्त वेळा पार पाडतात. मला हे कॉलेजमध्ये माहीत नव्हतं, पण लोकलमध्ये मी नेमकं हेच करत होते.

माझी पहिली जोडी अशी होती: घणसोली गेलं की फोन बॅगेत, कार्ड हातात. कार्ड म्हणजे जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले चौकोन. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. सकाळच्या लेडीज डब्यात बसायला मिळेलच असं नसतं, वही उघडायची तर सोयच नाही. पण एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने कार्ड उलटता येतं. घणसोली, रबाळे, ऐरोली, ठाणे. आमच्या वेळी दिघा गाव स्टेशन नव्हतं, ते 2024 मध्ये सुरू झालं. तुम्हाला एक स्टेशन जास्त मिळालंय.

उभ्याने नवीन काही वाचायला जाऊ नका, डोक्यात शिरत नाही. आदल्या दिवशी वाचलेलं आठवून बघा. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. तोच उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. आपली परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

बाकीच्या जोड्या तुमच्या घराप्रमाणे लावा. ‘चहाचा कप धुवून ठेवला की अकाउंट्सची वही’ ही माझी सगळ्यात टिकलेली जोडी. ‘4 वाजता’ ही कधीच टिकली नाही, कारण 4 वाजता काय चाललेलं असेल ते माझ्या हातात नसायचं. कप धुणं माझ्याकडेच होतं.

5. घराबाहेरची एक जागा शोधा

घरी होत असेल तर उत्तम, ही पायरी सोडून द्या. नसेल होत तर सगळ्यात आधी कॉलेजची रीडिंग रूम बघा. ती फीमध्येच येते आणि सेमच्या सुरुवातीला चक्क रिकामी असते. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. पुस्तकांसाठी सभासद व्हा, घरातले बाकीचेही खूश होतील. शिवाय ठाणे असो की नवी मुंबई, वॉर्डावॉर्डांत अभ्यासिका आहेत, बऱ्याचशा कुणा नगरसेवकाच्या मोठ्या बोर्डाखाली. फी, वेळ आणि मुलींसाठी वेगळी बसायची सोय प्रत्यक्ष जाऊन विचारा, आणि विचारायला संध्याकाळी 7 नंतर जा. दुपारी सगळ्याच अभ्यासिका शांत असतात.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं जास्त असतात. सुरुवातीला दडपण येतं, पण त्यांच्यात बसल्यावर फोन बाहेर काढायचीच लाज वाटते. माझं तरी त्यात भलंच झालं.

सापळा एकच, ‘ग्रुप स्टडी’. आम्ही पाच जणी अभ्यासासाठी म्हणून भेटायचो आणि ठाण्यातल्या तलावपाळीला चक्कर मारून, पाणीपुरी खाऊन घरी यायचो. मैत्रिणी हव्यातच, तलावपाळीही हवी. फक्त वहीत त्या दोन तासांपुढे ‘अभ्यास’ लिहू नका.

6. कालनिर्णयवर आधी सण रंगवा, मग अभ्यास

जूनमध्येच बसा आणि ज्या दिवशी अभ्यास होणार नाही हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे ते दिवस पेन्सिलने काळे करा. ठाण्यात राहत असाल तर दहीहंडीचा दिवस आणि आदली रात्र, स्पीकर खिडकीखाली असेल तर तीन दिवस. गणपती दीड दिवसाचा की पाच की दहा, ते घरी विचारा. नवरात्रात टेंभी नाक्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी नऊ रात्री धराव्यात. घरातलं लग्न. आमचं गाव पाटण तालुक्यात, जत्रा ऐन चैत्रात, म्हणजे नेमकी दुसऱ्या सेमच्या परीक्षेच्या तोंडावर. जत्रेला येत नाही म्हटलं तर आजी महिनाभर बोलणार नाही, म्हणून जायचंच, हे मी गृहीत धरलं.

काळे दिवस वजा करून जे उरतात तेवढ्यातच बैठका बसवा. शिवाय दर चौथा रविवार मोकळा ठेवा, राहिलेलं भरून काढायला. तो रविवार कुणालाही देऊ नका.

7. आठवडा मोडला की

मोडणार आहे. सण नसला तरी ताप येईल, लोकलचा मेगाब्लॉक असेल, आईचं दुखणं असेल किंवा काही कारण नसतानाच चार दिवस हात वहीकडे जाणार नाही. माझं पहिलं टाइमटेबल गेलं ते गणपतीमुळे नाही. विसर्जनानंतर परत बसताना मी त्या अकरा दिवसांचं सगळं राहिलेलं पुढच्या तीन आठवड्यांत कोंबलं, म्हणजे रोजचे 6 होते ते 9 तास झाले. दोन दिवस ओढलं आणि मग तो कागदच बघवेना. म्हणून एस.वाय.पासून, म्हणजे दुसऱ्या वर्षापासून, पुढचे चार नियम केले आणि शेवटपर्यंत पाळले.

पहिला, शून्य लिहायचं. ज्या दिवशी काही झालं नाही त्या तारखेपुढे 0, कारण एका शब्दात. ‘ताप’. ‘लग्न’. ‘कंटाळा’. कंटाळा लिहायला हात अडतो, तरी लिहायचं. पानं कोरी सोडली की आपण वही उघडायचंच टाळतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरा, परतीच्या पहिल्या दिवशी फक्त 20 मिनिटं, आणि तीही सोप्यात सोप्या विषयाची. मी एफसीचं, म्हणजे फाउंडेशन कोर्सचं, एक पान वाचायचे. त्या दिवसाचं काम नुसतं परत बसण्याचं. जोर आला तरी 20 मिनिटांनी उठायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटतं.

तिसरा, उधारी पुढे ओढायची नाही. राहिलेली ध्येयं एका वेगळ्या पानावर लिहायची आणि चौथ्या रविवारी त्यातली परीक्षेला खरंच लागणारी तेवढीच उचलायची. उरलेल्यांवर काट मारायची. एकदा मी एक अख्खं मॉड्यूल असंच सोडलं होतं. पेपरमध्ये त्याला पर्याय होता, चालून गेलं. नसतं गेलं तर काही मार्क गेले असते, पण बाकीची तीन मॉड्यूल्स तरी हातात होती.

चौथा, नवीन टाइमटेबल करायचं नाही. आठवडा मोडला की पहिली इच्छा होते ती नवी वही आणायची, नवे रंग आणायचे. ते करताना फार बरं वाटतं, दीड तास कसा गेला कळत नाही, आणि सम एकही झालेला नसतो. त्याच वहीत, त्याच पेनाने, शून्याच्या खालच्या ओळीवर लिहा.

8. एक साक्षीदार

चाळीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ध्येय जाहीर करू नका. शाबासकी तिथेच मिळून जाते. एकच माणूस निवडा. मी आणि माझी एक वर्गमैत्रीण दर रविवारी रात्री 9 ला एकमेकींना वहीच्या पानाचा फोटो पाठवायचो. शेरा नाही, उपदेश नाही, नुसता अंगठा. ती आजारी पडली तेव्हा महिनाभर आईला दाखवलं. आई सातवीपर्यंत शिकलेली. डिपार्टमेंटल अकाउंट्स म्हणजे काय ते तिला माहीत नाही, पण टिका आणि शून्यं मोजता येतात. “या आठवड्यात दोनच गं?” एवढंच म्हणायची, पोळी लाटता लाटता.

9. तारखा आणि कागद

हे कंटाळवाणं आहे, पण इथेच चांगली मुलं अडकतात. 75 टक्के हजेरीचा नियम खरा आहे, दर महिन्याला स्वतःची टक्केवारी विचारून घ्या. परीक्षा फॉर्मची आणि केटी फॉर्मची शेवटची तारीख कालनिर्णयवर लाल करा, उशिरा भरला तर दंड पडतो. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (तुमची क्रेडिट्स जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा) आयडी डिजिलॉकरमधून काढून ठेवा आणि आधार, बारावीची मार्कशीट व कॉलेजची नोंद या तिन्हींत नाव एकसारखं आहे ना ते बघा. रेल्वे पासच्या सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसमधून मिळतो. पास संपायच्या आठवडाभर आधी घ्या, महिन्याच्या सुरुवातीला खिडकीवर रांग असते.

माझी एक इंटर्नल टेस्ट बुडाली होती, कारण सूचना एकाच ग्रुपवर आली आणि मी त्या ग्रुपवर नव्हते. ऑफिसने हात वर केले. तेव्हापासून रोज सुटताना नोटीस बोर्डाचा फोटो काढायचे. तुम्हीही काढा.

10. शेवटचे 25 दिवस

इथे वहीतली भाषा बदलते. नवीन मॉड्यूल बंद, आता गोणी म्हणजे पूर्ण पेपर. आठवड्याला दोन जुने पेपर, पूर्ण वेळ लावून, शक्यतो ज्या वेळेला परीक्षा आहे त्याच वेळेला. पहिला पेपर पूर्ण होणार नाही. माझा झाला नव्हता, बॅलन्स शीटही टॅली झाली नव्हती आणि मी कॅल्क्युलेटरवर राग काढला होता. तिसऱ्या-चौथ्या पेपरला हात बसतो.

परीक्षा संपली की वही रद्दीत देऊ नका. सुट्टीत एकदा काढून शून्यं मोजा आणि त्यांच्यापुढचे शब्द वाचा. जिथे ‘लग्न’ आणि ‘जत्रा’ आहे ते दिवस पुढच्या कालनिर्णयवर आधीच काळे होतील. एस.वाय.च्या माझ्या वहीत 41 शून्यं आहेत, टी.वाय.च्या वहीत 26. त्या 26 पैकी सात ठिकाणी ‘कंटाळा’ आहे, आणि प्रत्येकाच्या खालच्या ओळीवर ‘सोपं, 1 पान’.